‘देव नाही’ असे मूल म्हणते तेव्हा

आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा वर्षांच्या एका मुलाने उभे राहून ‘देव नाही’ असे सांगितले, त्यास आता दीड वर्ष होत आले. वर्ग घेणाऱ्या बाईंनी त्यास प्रथम गप्प बसविले, मग बाहेर व्हरांड्यात उभे केले, आणि वर्ग सुटताच ही वार्ता घेऊन त्या आमच्याकडे आल्या. घरास आग लागल्याचे सांगावयास यावे तसा त्यांचा चेहरा झाला होता. सायंकाळपर्यंत वार्ता मुलाच्या घरी पोहोचली आणि बापाने छडी हाती घेतली. हा बाप काही दुष्ट मनुष्य नव्हे. खेड्यात चार घरांचे बोलणे ऐकून घ्यावे लागते. ज्या घरात आजा-पणज्यापासून रोझरी चुकली नाही त्या घरच्या मुलाने असे शब्द उच्चारावेत, ही त्यास अब्रूची गोष्ट वाटली.

मुलाचे नाव किंवा गाव आम्ही सांगणार नाही. घरच्या मंडळींच्या संमतीनेच हे लिहीत आहोत. किंबहुना, ‘लिहा फादर, आणखी कुणाच्या पोराला मार बसायला नको,’ असे त्या बापानेच आम्हांस सांगितले.

परंतु बाई आणि बाप यांच्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आमची स्वतःची चूक सांगून टाकणे बरे. ती या सर्वांच्या आधीची आहे.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात या मुलाची सहा वर्षांची धाकटी बहीण सर्पदंशाने गेली. खानापूरच्या बाजूचा रानालगतचा आमचा मुलूख. पावसात जनावर घरात शिरणे येथे नवलाचे नाही. दोघे भावंडे जमिनीवर घोंगडी पसरून एकमेकांशेजारी निजली होती. पहाटे मुलगी पोट दुखते म्हणून रडू लागली. आईने ओव्याचे पाणी दिले. थोड्या वेळाने मुलीच्या पापण्या उचलेनात, बोलणे जड झाले, तेव्हा घरचे घाबरले. गाडी मिळेपर्यंत उजाडले आणि रुग्णालयाच्या वाटेवरच तिचा श्वास थांबला. डॉक्टरांनी मण्यार चावली असल्याचे सांगितले. मण्यारीच्या दातांची खूण बहुधा दिसतही नाही, सूज येत नाही, दुखतही फारसे नाही. झोपलेल्या माणसास आपल्याला काही चावले हे कळतसुद्धा नाही. पोटदुखी आणि मिटणाऱ्या पापण्या हीच तिच्या विषाची चिन्हे, आणि ती ओळखू येईतो पुष्कळदा उशीर झालेला असतो.

दफनाच्या वेळी तो मुलगा एकटा बाजूला उभा होता. आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, ‘बाळ, देवाला आपल्या बागेत एक सुंदर फूल हवे होते, म्हणून त्याने तिला नेले.’

हे वाक्य आम्हांस सेमिनरीत कोणी शिकविलेले नाही. ते पवित्र शास्त्रात नाही आणि चर्चच्या शिकवणुकीतही नाही. कानोकानी चालत आलेले ते एक वाक्य आहे; दुःखाच्या प्रसंगी ते आपोआप तोंडी येते आणि बोलणाऱ्याची अवघड प्रसंगातून सुटका करते. मुलाने वर पाहिले आणि विचारले, ‘न विचारता नेलं?’ आम्ही काही बोललो नाही. तो आणखी थोडा वेळ विचार करून म्हणाला, ‘मग देव चोर झाला की.’

आम्ही ऐकले नाही असे दाखविले. पेटी खाली सोडावयाची होती, माणसे खोळंबली होती. खरे सांगावयाचे तर, आमच्याजवळ उत्तर नव्हते.

उत्तर का नव्हते, याचा विचार त्या रात्री आम्ही केला. मुलाचा युक्तिवाद बिनतोड होता. चुकले होते ते आमचे वाक्य. देवाने मृत्यू निर्माण केला नाही आणि जिवंतांच्या नाशात त्यास आनंद नाही, असे जुन्या करारातील ज्ञानग्रंथाचे स्पष्ट सांगणे आहे. लाजरसच्या कबरेपाशी प्रभू येशूने कोणास बागेची आणि फुलाची गोष्ट सांगितल्याचे संत योहान लिहीत नाही. तो रडला, असे लिहितो. आमच्या धर्मात मृत्यू हा शत्रू आहे. त्या शत्रूचे काम आम्ही देवाच्या नावावर मांडले, आणि मुलाने त्या देवास योग्य ते नाव दिले.

पुढील सहा महिन्यांत मुलगा वर्गास येत राहिला, मागे बसून राहिला, आणि मग एके रविवारी उभा राहून ते बोलला.

छडीचा प्रकार कळल्यावर आम्ही घरी गेलो. बापास चार शब्द सांगितले आणि मुलास शनिवारी दुपारी आमच्याकडे पाठविण्यास सांगितले. देवाच्या अस्तित्वाविषयी संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मांडलेले पाच पुरावे आम्ही मनातल्या मनात सोप्या भाषेत जुळवून ठेवले: हालणाऱ्या वस्तूस हालविणारा हवा, कार्यास कारण हवे, वगैरे. घड्याळ आणि घड्याळजी यांचा दाखलाही तयार होता. मुलगा आला, पण त्याच्या तोंडाकडे पाहून आमचे हे सर्व सैन्य जागच्या जागी थांबले. चर्चच्या जुन्या गीतपुस्तकांना वाळवी लागली होती. ती उन्हात घालून झटकण्याचे काम आम्ही त्यास दिले आणि स्वतःही शेजारी बसलो. त्या दिवशी देवाचा विषय निघाला नाही. पुढच्या शनिवारीही नाही.

तिसऱ्या शनिवारी तो आपण होऊन बोलला. बहीण गेली त्या रात्री घरी रोझरी चालू असता दुसऱ्या रहस्यालाच त्यास झोप लागली होती. रोझरीत झोपणाऱ्यास देव बघून ठेवतो, असे आई नेहमी म्हणे. एवढे सांगून तो बराच वेळ पुस्तकावरची माती काढीत बसला आणि मग खाली मान घालूनच म्हणाला, ‘देव नसला तर ते माझ्यामुळं नाही ना, फादर?’

सहा महिने हे ओझे त्या मुलाने एकट्याने वाहिले होते. ‘देव नाही’ हे त्याचे बोलणे बंड नव्हते, की कोणा नास्तिकाच्या संगतीचा परिणाम नव्हता. आपल्या झोपेची शिक्षा म्हणून बहिणीस मारणारा देव जर असेल, तर त्या मुलास जगणे अशक्य होते. म्हणून तो देव नसलेलाच बरा, असे त्याने ठरविले. आम्ही पाच पुरावे मांडले असते आणि दुर्दैवाने ते त्यास पटले असते, तर देव आहे हे सिद्ध होऊन त्या मुलाचा अपराधही सिद्ध झाला असता! ही गोष्ट मनात आली की आम्हांस अजून घाम फुटतो.

त्यास आम्ही काय सांगितले ते थोडक्यात लिहितो. प्रथम मण्यारीची सर्व हकीकत सांगितली: ती रात्री उंदीर, पाली, लहान साप शोधीत फिरते, जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, अंगाखाली दबली की चावते. तू सबंध रोझरी जागून म्हटली असतीस तरी ती आली असती, हे सांगितले. मग जन्मांध माणसाची गोष्ट काढली. शिष्यांनी प्रभूस विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. आणि प्रभूने दोन्ही नाकारले. शेवटी आम्ही त्यास सांगितले की फुलाचे आम्ही बोललो ते खोटे होते, आणि त्याबद्दल आम्ही त्याची क्षमा मागतो. ‘मग खरं काय?’ असे त्याने विचारले. ती लहान असताना का गेली, हे आम्हांस ठाऊक नाही. ती देवाजवळ सुखरूप आहे असा आमचा विश्वास आहे. आणि तिच्या जाण्याने देवासही आनंद झालेला नाही, असे आम्ही सांगितले. तो काही बोलला नाही. पुस्तके आत नेऊन ठेवली आणि घरी गेला.

त्याच्या आईस हे कळले तेव्हा ती माउली जमिनीवर बसून रडली. ते वाक्य तिच्या आईचे होते आणि तिच्या आजीचेही. पोरांनी सरळ बसावे यापलीकडे त्यात तिचा काही हेतू नव्हता.

वाचकहो, असले वाक्य आपल्यापैकी किती घरांत नाही? गुळाचा खडा उचलला, देव बघतो. भावाशी भांडलास, देव कान कापील. मिस्साला गेला नाहीस, बघ आता नापास होशील. पोलीस, बागुलबुवा आणि देव या तिघांस आपण मुलांच्या धाकासाठी एकाच चाकरीस ठेवले आहे. मूल दहा वर्षांचे झाले की बागुलबुवा नाही हे त्यास कळते. त्याच मुखाने ऐकलेल्या दुसऱ्या गोष्टीविषयीही मग त्याच्या मनात शंका आली, तर दोष कोणाचा? याची दुसरी बाजूही तितकीच वाईट: मागितले की देणारा, मेणबत्तीच्या मोबदल्यात परीक्षेतील गुण वाढविणारा देव. त्याविषयी अधिक लिहीत नाही; निकालाच्या दिवशी त्याचे काय होते ते सर्वांस ठाऊक आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ च्या डिसेंबरात आधुनिक जगातील चर्चविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात नास्तिकतेवर एक सबंध भाग आहे. आमच्या समजुतीप्रमाणे तेथे नास्तिकांवर कोरडे ओढलेले असतील, असे पुष्कळांस वाटेल. उलट, नास्तिकतेच्या उत्पत्तीत विश्वासणाऱ्यांचा स्वतःचा वाटा लहान नसतो, असे त्या धर्मपित्यांनी तेथे कबूल केले आहे. श्रद्धेच्या शिक्षणाची हेळसांड, चुकीची शिकवण आणि वागणुकीतील दोष यांमुळे आपण देवाचे मुख दाखविण्याऐवजी झाकून टाकतो, असा त्याचा आशय आहे. त्याआधीच्या वर्षी याच परिषदेने आईबाप हे आपल्या मुलांस श्रद्धेची वार्ता सांगणारे पहिले जन होत, असे म्हटले होते. ही दोन विधाने शेजारी ठेवून वाचली तर आईबापांस (आणि फुलाची गोष्ट सांगणाऱ्या धर्मगुरूंसही) विचार करावयास पुष्कळ आहे.

आता कोणी म्हणेल, मुलांच्या शंकांस अशी मोकळीक दिली तर श्रद्धा राहील कशी? आमचा अनुभव असा की, शंका तोंडाने निघाली नाही म्हणून मनातून जात नाही. चर्चची प्रश्नोत्तरी १९९२ साली नव्याने प्रसिद्ध झाली. तीत जाणूनबुजून सत्य नाकारणे आणि मनात नकळत उद्भवणारी चलबिचल यांत स्पष्ट भेद केलेला आहे. एखादी अडचण समजत नाही म्हणून अडखळणारा मुलगा आणि हट्टाने पाठ फिरविणारा प्रौढ मनुष्य यांस एकाच छडीने हाकणे हे चर्चच्या शिकवणुकीस धरून नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्याच ग्रंथाकडे पाहा. ज्या पाच पुराव्यांचा वर उल्लेख आला, ते मांडण्यापूर्वी या संताने ‘देव नाही’ म्हणणाऱ्याची बाजू स्वतः लिहून दिली आहे. तीत पहिला आक्षेप कोणता? देव अमर्याद चांगला असेल तर जगात वाईट असते कसे, हाच. आमच्या खेड्यातील मुलाचा आक्षेप संत थॉमस यांनी साडेसातशे वर्षांपूर्वी पानाच्या आरंभी मांडून ठेवला होता आणि त्यांस त्याची भीती वाटली नव्हती. आम्ही मात्र तो व्हरांड्यात उभा केला.

ईयोबाची गोष्ट सर्वांस माहीत आहे; शेवट मात्र पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. ईयोब देवाशी भांडतो, जाब विचारतो. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन त्यास गप्प करतात: तुझेच काही पाप असेल, असे सुचवितात. अखेर देव बोलतो तेव्हा तो रागावतो ते या मित्रांवर. आपल्याविषयी योग्य ते ईयोब बोलला, तुम्ही बोलला नाहीत, असे त्यांस बजावतो. मुलांपुढे देवाची वकिली करण्याची आपणांस घाई होते, तेव्हा हा शेवट आठवावा.

आईबापांची दुसरी अडचण अशी की, मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आपणांसच येत नाही, आणि येत नाही असे म्हणण्याची लाज वाटते. संत मार्कच्या शुभवर्तमानात फेफरे येणाऱ्या मुलाचा बाप आहे. प्रभूने विश्वासाविषयी विचारताच तो ओरडून कबूल करतो की मी विश्वास ठेवतो, पण माझ्यात अविश्वासही आहे, तेवढ्यासाठी मला मदत कर. हे तो आपल्या आजारी मुलासमक्ष, गर्दीत म्हणाला. प्रभूने त्यास परत पाठविले नाही. मूल बरे केले.

फार दूर कशाला, ज्या लिझ्यूच्या संत तेरेजाची तसबीर आपल्या अनेक घरांत आहे, तिच्या आयुष्याची शेवटची दीड वर्षे, १८९६ च्या पास्कापासून १८९७ च्या सप्टेंबरात क्षयाने मृत्यू येईपर्यंत, स्वर्ग आहे की नाही या अंधारात गेली. न विश्वासणाऱ्यांच्याच मेजाशी आपण बसलो आहोत असे तिला वाटे. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांची खासगी पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा दीर्घ काळ देवाचे सान्निध्य त्यांस जाणवत नव्हते हे जगास कळले. चर्चने दोघींस संतपद दिले. तेव्हा ‘बाळ, मलाही कधी कधी कळत नाही, तरी मी प्रार्थना करते,’ असे एखाद्या आईने चुलीपुढे बसून मुलास सांगितले, तर ती काही वाईट संगतीत नाही.

शाळेतून येणारे प्रश्न निराळे असतात आणि आमच्या मते त्यांची फार चिंता करू नये. मुलगा विज्ञानाचे पुस्तक घेऊन येतो किंवा मोबाइलवर काही पाहून येतो, आणि विचारतो की सहा दिवसांत जग झाले हे खरे, की कोट्यवधी वर्षांत? त्यास सांगावे की विश्व पसरत आहे, ही कल्पना १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. वाटाण्याच्या रोपांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल हे ब्रुनो शहरातील मठवासी होते. त्यांनी ते १८६५ साली मांडले. मानवी देह पूर्वीच्या सजीवांपासून आला काय, याचा शोध घेण्यास पोप पायस बारावे यांनी १९५० सालीच मोकळीक दिली होती. मात्र येथेही अति करू नये. याच पोपमहाशयांनी १९५१ साली विश्वाच्या आरंभाविषयीचे नवे शोध निर्मितीच्या शिकवणुकीशी जोडले, तेव्हा ते लमेत्र यांनाच आवडले नव्हते. विज्ञानाचा सिद्धांत उद्या बदलू शकतो, श्रद्धा त्यावर उभारू नये, असे त्यांचे मत होते. उत्पत्तीच्या पुस्तकाकडून भूगर्भशास्त्राची अपेक्षा करू नये, एवढे मुलास सांगितले की त्याचे समाधान होते. निदान आमच्याकडील मुलांचे झाले. डायनासोर नोहाच्या तारवात होते काय, हा एक प्रश्न मात्र दरवर्षी नव्याने येतो!

याहून नाजूक गोष्ट म्हणजे देव न मानणाऱ्या माणसांविषयी मुलांशी काय बोलावे ही. ‘नास्तिक’ हा शब्द आपल्या घरांतून शिवीसारखा वापरला जातो. मूल मराठी शाळेत गोपाळ गणेश आगरकरांचा धडा शिकते. चाळिशीही न गाठता १८९५ साली वारलेला हा मनुष्य. जिवंतपणी लोकांनी त्याची प्रेतयात्रा काढली, तरी स्त्रियांचे शिक्षण, विधवांचे दुःख यांविषयी लिहावयाचे त्याने सोडले नाही. देवाविषयी मात्र तो खात्री देत नसे. मूल घरी येऊन विचारते, ‘ते चांगले होते ना? मग ते देव का मानत नव्हते?’ आता आपण आगरकरांस वाईट ठरविले तर मूल आपणांस खोटे समजेल, आणि ते योग्यच होईल.

आंध्रातील गोपराजू रामचंद्र राव, ज्यांस सर्वजण गोरा म्हणत, यांनी १९४० साली नास्तिकांचे केंद्र काढले आणि अस्पृश्यता मोडण्यासाठी खेडोपाडी काम केले. गांधीजींसारख्या देवभक्त पुरुषाने त्यांस दूर लोटले नाही. १९४४ पासून त्यांच्याशी वारंवार संवाद केला. त्या संवादांचे पुस्तक १९५१ साली अहमदाबादच्या नवजीवन संस्थेने प्रसिद्ध केले. गोरांच्या कन्येचा दलित तरुणाशी विवाह सेवाग्राम आश्रमात करण्यास गांधीजींनी मान्यता दिली होती. तो त्यांच्या हत्येनंतर १९४८ साली तेथेच झाला. गांधीजींचा देवावरील विश्वास त्यामुळे कमी झाल्याचे कोणी म्हटलेले नाही. मुलास सांगावे की हे गृहस्थ चांगले होते, त्यांच्या या मताशी आम्ही सहमत नाही, आणि आम्ही का मानतो ते तुला सांगतो. शेवटचा भाग विसरू नये. समोरच्याचा आदर करण्याच्या भरात पुष्कळ सुशिक्षित आईबाप आपण स्वतः काय मानतो ते सांगावयाचेच राहून जातात. मग मुलास घरात श्रद्धा आहे की केवळ तसबिरी आहेत, हे कळत नाही.

गोवा, बेंगळुरू, पुणे येथे नोकरीस गेलेले मुलगे सणास घरी येतात आणि मिस्साच्या वेळी अंगणात उभे राहतात, त्यांच्याविषयीही आम्हांस पुष्कळ विचारले जाते. त्यावर लांब लिहीत नाही. त्यांस जेवावयास वाढताना टोमणे मारू नयेत, आणि जेवणापूर्वीची प्रार्थना त्यांच्यासाठी थांबवूही नये.

प्रश्न विचारणे हे आपल्या परंपरेत नवे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. मराठीत आपल्या श्रद्धेचा एवढा मोठा ग्रंथ प्रथमच झाला, आणि त्याची मांडणीच अशी की श्रोता शंका विचारतो आणि पाद्री गुरू उत्तर देतो. श्रोत्यास कोणी बाहेर उभे केलेले नाही. हे आठवूनच आम्ही गतवर्षी चर्चच्या दारापाशी एक लहान लाकडी पेटी लावली. मुलांनी नाव न घालता चिठ्ठीवर प्रश्न लिहून टाकावा, रविवारच्या वर्गात आम्ही आणि बाई मिळून उत्तर देऊ, असे सांगितले. पेटी करण्याचे काम त्या मुलाच्या बापाने केले. तो सुतार आहे.

पहिल्या रविवारी अकरा चिठ्ठ्या निघाल्या. कुत्रा मेल्यावर कुठे जातो? देवाला कोणी केले? मिस्सात झोप आली तर कुमसारात सांगावे लागते का? (हस्ताक्षर आम्ही ओळखले, नाही, असे मोठ्याने उत्तर दिले.) शाळेतील मैत्रीण ख्रिस्ती नाही, ती नरकात जाईल असे एक मुलगा म्हणतो, ते खरे का? हा प्रश्न सहा वर्षांपूर्वी कोणी आम्हांस विचारला असता तर आम्ही लांबलचक उत्तर दिले असते. आता आम्ही प्रथम विचारले की असे कोण म्हणतो, आणि ती मैत्रीण कशी आहे. वर्गात एकदम आठ हात वर झाले.

एक चिठ्ठी मात्र आम्ही वाचून दाखविली नाही. तीत लिहिले होते: बाबा दारू सोडत नाहीत, मी दोन वेळा नोव्हेना केली, देव ऐकतो का?

हे हस्ताक्षर आम्ही ओळखले नाही, ओळखण्याचा प्रयत्नही केला नाही. असे घर आमच्या धर्मग्रामात एकच असते तर शोधण्याची गरज पडली नसती. चिठ्ठी आमच्या प्रार्थनापुस्तकात आहे. पास्काच्या दिवसांत घरे आशीर्वादित करण्यास आम्ही निघू, तेव्हा यंदा पाणी शिंपडून पुढे जाणार नाही, प्रत्येक घरी चहा घेण्याइतके बसणार आहोत. कोणत्या वाड्यावर कोणत्या दिवशी येऊ ते फलकावर लिहू. घरातील पुरुष मंडळींनी त्या दिवशी घरी असावे, अशी विनंती आहे.